निशिकासाई: समुद्रसपाटीखालच्या गल्ल्यांतला उन्हाळा

टोकियोच्या पूर्व टोकाला, अराकावा आणि एडोगावा या दोन नद्यांच्या मधे, एडोगावा नावाचाच वॉर्ड आहे. वस्ती सात लाखांच्या घरात. प्रवासी कंपन्यांच्या कार्यक्रमात हे नाव सहसा नसतं. माझी धाकटी बहीण गेली काही वर्षं इथल्या निशिकासाईत राहते. जुलैच्या अखेरीस तिच्याकडे गेले, ती क्योतो-निक्कोचा बेत न करताच. रोज घराभोवतीच्या गल्ल्या पायी हिंडायच्या, सकाळी ऊन चढायच्या आत आणि संध्याकाळी ऊन कलल्यावर, एवढंच ठरवलं होतं.

सोमवार

"इथलं ऊन पुण्यासारखं नाही ताई, घाम वाळतच नाही," असं बजावत बहिणीने गळ्याभोवती गुंडाळायला ओला पंचा दिला. पहाटे पावणेपाचलाच उजाडतं आणि सहापर्यंत अंग चिकचिकायला लागतं. उष्माघाताचा इशारा आदल्या संध्याकाळी पाच वाजता आणि त्या दिवशी पहाटे पाच वाजता जाहीर होतो. २०२१ पासून ही पद्धत देशभर आहे. त्यात नुसतं तापमान नाही, दमटपणा आणि उन्हाचा तडाखाही धरतात. इशारा असला की शेजारी एकमेकांना दारातूनच सांगतात.

स्टेशनच्या दक्षिणेकडून सुरुवात केली. हा भाग आपल्याकडच्या बऱ्याच जणांना ऐकून माहीत असेल. दोन हजार सालच्या संगणकी घोळाच्या धास्तीने जपानी बँकांनी भारतातून इंजिनिअर बोलावले. तोझाई ही मेट्रो लाइन इथून ओतेमाची, निहोनबाशी, कायाबाचो अशी थेट कचेऱ्यांच्या भागात जाते, म्हणून ते इथे उतरले. शिवाय यू. आर. या सरकारी गृहसंस्थेच्या चाळवजा उंच इमारती इथे आहेत. त्यांना भाडेकरूचा जामीनदार लागत नाही, घरमालकाला द्यायची परत न मिळणारी 'भेट' लागत नाही, आणि भाडेकरू कुठल्या देशाचा हे त्या बघत नाहीत. परक्या माणसाला जपानात घर मिळवणं किती जिकिरीचं असतं हे ज्याने सोसलंय, त्याला या तीन गोष्टींचं मोल कळेल. पुढे २०१९ मध्ये योगेंद्र पुराणिक हे आपले मराठी गृहस्थ एडोगावाच्या वॉर्डसभेवर निवडून आले. आता इथल्या दुकानात तूरडाळ, पोहे, कढीपत्ता सगळं मिळतं. इमारतींखालच्या बागेत सकाळी सहाला पंजाबी ड्रेसवर कॅनव्हासचे बूट घालून चालणाऱ्या आज्या भेटल्या. एकीने मला पाहून आधी हिंदीत आणि मग लगेच मराठीत विचारलं, "कधी आलात?"

पण मला ओढ होती ती रेल्वेच्या पुलाखालून उत्तरेला जाण्याची. पूल ओलांडला की इमारती खाली बसतात आणि दुमजली-तिमजली घरांच्या गल्ल्या सुरू होतात. पदपथ नाही, रस्त्याच्या कडेला नुसती पांढरी रेघ. गल्ल्यांना नावंच नसतात. आधी चोमे, म्हणजे वस्तीचा क्रमांक दिलेला भाग, मग ठोकळ्याचा क्रमांक, मग त्या ठोकळ्याला फेरी मारत दिलेला घराचा क्रमांक, असा पत्ता. ही पद्धत १९६२ च्या कायद्याने आली. त्यामुळे रस्ता विचारला की कोणी "अमुक रस्त्याने जा" म्हणत नाही. पोलीस चौकीतला शिपाई भिंतीवरच्या नकाशावर ठोकळा दाखवतो.

घर आणि रस्ता यांच्यात जेमतेम हातभर जागा, आणि त्या हातभर जागेत काय नसतं! मासळीबाजारातून आणलेल्या थर्माकोलच्या खोक्यांत माती भरून लावलेली वांगी, टोमॅटो, शिसो नावाचा सुवासिक पाला. जुन्या बादलीत कमळ. मांजरांनी येऊ नये म्हणून पाण्याने भरून ओळीने मांडलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या. खिडक्यांवर वेताच्या चिका, आणि जिथे चिक नाही तिथे खालून वरपर्यंत जाळीवर चढवलेला कारल्याचा वेल. आपल्याकडे मांडवावर चढवतात तसा नाही, तर खिडकीला उभा पडदा म्हणून. एका शाळेची तर सगळी दक्षिणेकडची भिंत कारल्याने झाकलेली. वर्गात ऊन येत नाही, आणि कारली वाटली जातात. जपानात बेताचंच आवडतं हे फळ, पण सावलीसाठी लोक लावतात आणि मग अंडी-टोफूबरोबर परतून खातातही.

सगळ्यात लक्षात राहिलं ते हे, की कुंड्या बऱ्याचदा घराच्या हद्दीबाहेर, त्या पांढऱ्या रेघेला टेकून असतात. कोणी उचलत नाही, कोणी तोडत नाही. एका दारात काकडीचा वेल रस्त्यावर झुकला होता आणि त्याला लागलेली काकडी शेजाऱ्याच्या सायकलवर टेकली होती. सायकल तशीच ठेवलेली.

मंगळवार

आज कचऱ्याचा दिवस. म्हणजे जळणाऱ्या कचऱ्याचा. तो आठवड्यातून दोनदा. सकाळी आठच्या आत ठरलेल्या कोपऱ्यावर पिशवी ठेवायची. रात्री ठेवायची नाही, कारण इथले कावळे. मोठ्या चोचीचे, आपल्या डोमकावळ्याच्या जातीतले, पण अंगाने आडदांड. पातळ पिशवीतून आत काय आहे ते त्यांना बरोबर दिसतं.

मी मुद्दाम सातच्या सुमाराला कोपऱ्यावर जाऊन उभी राहिले. ऐंशी ओलांडलेल्या एक आजी आधीच तिथे होत्या. कंबर काटकोनात वाकलेली, डोक्यावर मान झाकणारी मोठी टोपी, हातात कोपरापर्यंत बाह्या. त्यांनी विजेच्या खांबाला बांधलेली निळी जाळी सोडली, झटकली, पसरली. एक एक शेजारी येऊन जाळी उचलून पिशवी आत सारत होता आणि वाकून नमस्कार करत होता. एका तरुणाने घाईत पिशवी जाळीच्या कडेला ठेवली, निम्मी बाहेर. तो गेल्यावर आजींनी काही न बोलता ती पायाने आत ढकलली आणि जाळीच्या कडेवर पाण्याने भरलेली बाटली वजन म्हणून ठेवली. जाळीच्या त्या कडेला आधीच शिशाच्या गोळ्यांची दोरी शिवलेली होती, मासे धरायच्या जाळ्याला असते तशी. तरीही कावळा चोचीने कड उचलतो, म्हणून बाटली.

पावणेनऊला गाडी आली. दोन माणसं धावतच पिशव्या टाकत होती. गाडी थांबते तेवढाच वेळ. गाडी गेल्यावर आजींनी जाळी घडी करून खांबाला बांधली, कोपरा झाडला, सांडलेलं पाणी धुतलं, मग आपल्या दारापासून शेजारच्या दारापर्यंत वाटीने पाणी शिंपडलं. शेजारच्या दारापर्यंत, पुढे हातभर नाही. संध्याकाळी बहिणीला विचारलं तर ती म्हणाली, "इथे तसंच असतं. आपलं दार आणि थोडं पलीकडचं. फार पुढे गेलं तर शेजाऱ्याला ओझं वाटतं."

पाळीचा तक्ता जवळच्या भिंतीवर प्लास्टिकच्या पाकिटात लावलेला होता. आठवड्याला एक घर. बहिणीने वाचून दाखवला. अकरा घरांची नावं, त्यातली तीन खोडलेली. एका घरातली आजी वृद्धाश्रमात गेली, एक घर रिकामं, एका घराने 'जमत नाही' असं कळवलं. त्या आठवड्यांत या आजीच करतात. ही स्वच्छता जपानी माणसाच्या रक्तात आहे असं आपल्याकडे फार सहज म्हटलं जातं. मला तर त्या कोपऱ्यावर रक्त दिसलं नाही. दिसली ती वाकलेली एक पाठ, आणि खोडलेल्या नावांचा तक्ता. पुण्यात आमच्या दारात 'स्वच्छ'च्या ताई येतात, हाताने कचरा वेगळा करतात, आणि आपण त्यांना ओला-सुका नीट वेगळा करून देण्याचेही कष्ट घेत नाही. इथे ते वेगळं करणं घरातच होऊन जातं. काम तेवढंच आहे, फक्त वाटून घेतलेलं आहे. आणि वाटून घेणारे हात म्हातारे होत चाललेत.

दुपारी बहिणीच्या शेजारणीने एक फळीला लावलेली कागदांची चळत आणून दिली. वस्तीच्या मंडळाची सूचनावही. एका घराने वाचायची, सही करायची, पुढच्या घरी नेऊन द्यायची. यावेळी शनिवारच्या नाचाची वेळ, डासांच्या औषधाची तारीख, आणि एक हरवलेल्या पोपटाचं चित्र. फोनवर दोन सेकंदांत जाईल असा मजकूर, पण तो देण्याच्या निमित्ताने दर पंधरा दिवसांनी कोणीतरी म्हाताऱ्या माणसाचं दार वाजवतं. बहिणीने तो नेऊन दिला त्या घरात मीही गेले. चहाऐवजी भाजलेल्या बार्लीचा गार काढा आणि टरबुजाची फोड मिळाली.

बुधवार

भाचा इथल्या वॉर्डाच्या शाळेत पहिलीत आहे. जुलैच्या विसाव्या-एकविसाव्या तारखेला सुट्टी लागली तेव्हा त्याने, खरं तर त्याच्या आईने, शाळेतून निळी कुंडी घरी आणली. पहिलीच्या मुलांनी आसागाओ, म्हणजे आपल्या गणेशवेलीच्या जातकुळीतली सकाळी फुलणारी वेल, बी पेरून वाढवायची ही जपानी शाळांची जुनी रीत. सुट्टीत घरी पाणी घालायचं, रोज किती फुलं आली ते लिहायचं, चित्र काढायचं. शरद ऋतूत बिया गोळा करायच्या आणि बऱ्याच शाळांत त्या पुढच्या वर्षीच्या पहिलीला द्यायच्या.

"मावशी, आज सात!" सकाळी सहाला त्याने मला गॅलरीत ओढून नेलं. पाच निळी, दोन जांभळी, कडेला पांढरी किनार. नऊपर्यंत ती मिटतात, म्हणून चित्र लगेच काढायचं. त्याने आधी पाकळी मोजली आणि सांगितलं की पाकळी एकच आहे, पाच नाहीत, चिकटलेल्या आहेत. शिकवणाऱ्या बाईंनी तसं बघायला सांगितलं होतं. मी इतकी वर्षं ही फुलं पाहतेय, पण त्या पाच शिरा जिथे जुळतात तिथे कधी बोट लावून बघितलं नव्हतं.

या वेलींचं एडोगावाशी जुनं नातं आहे. जुलैच्या ६ ते ८ तारखांना टोकियोच्या इरिया भागात आसागाओचा मोठा बाजार भरतो, आणि तिथल्या पुष्कळ कुंड्या याच वॉर्डाच्या शिशिबोने भागातल्या बागांतून जातात. कोमात्सुना ही जपानभर रोज खाल्ली जाणारी हिरवी पालेभाजीही इथलीच. आठवा शोगुन, म्हणजे लष्करी राज्यकर्ता, योशिमुने शिकारीसाठी आला, जेवणात त्याला ही भाजी घातलेलं सार मिळालं, आणि त्याने कोमात्सु नदीवरून तिला नाव दिलं अशी कथा सांगतात. सोनेरी मासे वाढवणंही इथला धंदा होता. आता तळी फार थोडी उरलीत. पण दर जुलैत ग्योसेन बागेत गोल्डफिशची जत्रा भरते. कागद लावलेल्या पळीने मासे पकडायचे, कागद फाटेपर्यंत. भाच्याचे दोन मासे तिथलेच.

त्याच ग्योसेन बागेत साडेसहाला गेलो. बरोबर साडेसहाला रेडिओवर पियानो सुरू झाला आणि सत्तर-ऐंशी माणसं हात वर करून उभी राहिली. रेडिओवरचा हा व्यायाम १९२८ मध्ये सुरू झाला. सुट्टीत मुलं गळ्यात कार्ड अडकवून येतात आणि व्यायाम झाला की रांगेत उभं राहून शिक्का मारून घेतात. शिक्का मारणारे आजोबा प्रत्येक मुलाचं नाव घेऊन "आज आलास, छान" म्हणत होते. भाच्याचं नाव त्यांना नीट उच्चारता येत नव्हतं, पण त्यांनी ते तीनदा म्हणून घेतलं आणि तिसऱ्यांदा बरोबर म्हटलं.

बागेतलं छोटं प्राणिसंग्रहालय फुकट आहे. लाल पांडा सावलीत पडून होता, पेंग्विनांवर पाण्याचे फवारे. ऊन चढलं तसे आम्ही परतलो.

गुरुवार

आज पाण्याकडे गेले. मला या वस्तीचा खरा अंदाज इथेच आला.

पश्चिमेकडे चालत अराकावाचा बांध गाठायचा. गल्लीच्या टोकाला गवताची उंच भिंत उभी असते, पायऱ्या चढून वर यावं लागतं. वर आल्यावर नदी दिसते, जवळजवळ अर्धा किलोमीटर रुंद, आणि पलीकडे शहर. मग मागे वळून बघायचं. भरतीच्या वेळी नदीचं पाणी मागच्या घरांच्या तळमजल्यापेक्षा उंच असतं. हे वाचून माहीत होतं. पण डावीकडे पाणी आणि उजवीकडे त्याच्याहून खाली वाळत घातलेल्या चादरी असं एकाच नजरेत बघितल्यावर पोटात खड्डा पडला.

ही नदी माणसांनी खणलेली आहे. १९१० च्या महापुरानंतर पाणी समुद्राकडे वळवायला २२ किलोमीटरचा कालवा खणायला घेतला, १९२४ मध्ये त्यात पाणी सोडलं, १९३० मध्ये काम पुरं झालं. पुढे कारखान्यांनी भूजल उपसलं, पाण्यात विरघळलेला नैसर्गिक वायूही काढला, आणि जमीन खचत गेली. १९७२ मध्ये टोकियो सरकारने वायूच्या खाणींचे हक्क विकत घेऊन ते थांबवलं. खचलेली जमीन मात्र वर येत नाही. आज वॉर्डाचा सुमारे सत्तर टक्के भाग भरतीच्या पातळीखाली आहे. गंमत अशी की दक्षिणेकडची नवी, समुद्रात भराव टाकून केलेली जमीन उंच आहे आणि जुनं गाव खाली. म्हणजे ज्या गल्ल्यांत मी रोज रमत होते त्या सगळ्यांत खोल. इथलं पावसाचं पाणी आपोआप वाहून जात नाही, ते पंपांनी उचलून नदीत टाकावं लागतं.

२०१९ मध्ये वॉर्डाने घरोघरी पुराचा नकाशा वाटला. त्याच्या मुखपृष्ठावर एडोगावावर बोट ठेवून लिहिलं होतं: इथे थांबू नका. बहिणीने तो स्वयंपाकघरात फ्रिजच्या बाजूला लावलाय. त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला हागिबिस चक्रीवादळ आलं. वॉर्डाने चार लाखांहून अधिक लोकांना घरं सोडायला सांगितलं. बहीण भाच्याला पोटाशी धरून शाळेच्या व्यायामशाळेत निळ्या ताडपत्रीवर रात्रभर बसली होती. बांध टिकले. त्याच्या सतरा दिवस आधी, २५ सप्टेंबरच्या रात्री, पुण्यात आमच्या आंबिल ओढ्याने सीमाभिंती पाडल्या, माणसं नेली. तेव्हा फोनवर ती माझी चौकशी करत होती आणि नंतर मी तिची. आंबिल ओढ्याचं पात्र आक्रसत गेलेलं आम्ही सगळ्यांनी वर्षानुवर्षं पाहिलं होतं. म्हणून असेल, संध्याकाळी फुरुकावाला गेले तेव्हा माझ्या मनात कौतुकापेक्षा चीड जास्त होती. आपल्याकडचीच.

फुरुकावा, म्हणजे जुनी नदी. सतराव्या शतकात ग्योतोकूचं मीठ एडो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, नेण्यासाठी सरळ जलमार्ग केला तो शिनकावा, आणि वळणावर मागे राहिला तो हा. विसाव्या शतकात त्याचं सांडपाण्याचं गटार झालं. बुजवून रस्ता करायचा सोपा मार्ग समोर होता. वॉर्डाने ते केलं नाही. सांडपाणी वेगळं वळवलं, नदीचं पाणी गाळून त्यात सोडलं, कडेला दगड लावले, आणि १९७३ मध्ये पाण्यात उतरता येईल अशी बाग खुली केली. अशी ही जपानातली पहिली. आता वॉर्डात अशा पाच आहेत.

घोट्याएवढं पाणी, दोन्ही बाजूंना घरांची परसदारं. मुलं चड्डी वर करून खेकडे शोधत होती. एका आजोबांनी खुर्ची थेट पाण्यात मांडली होती आणि पाय बुडवून वर्तमानपत्र वाचत होते. मी चपला हातात घेऊन त्यांच्या वरच्या अंगाने चालत गेले तेव्हा त्यांनी न बघताच पाय बाजूला घेतले. एका ठिकाणी दोन बायका लांब दांड्याच्या झाऱ्याने शेवाळं काढत होत्या. त्यांच्या बादलीत शेवाळ्याबरोबर एक बर्फाच्या काडीची लाकडी पट्टी आणि मुलाचा एक सॅन्डल. सॅन्डल त्यांनी धुऊन कठड्यावर उभा करून ठेवला, नजरेला पडेल असा.

शुक्रवार

पारा ३६ वर. दिवसभर बाहेर पडायची सोयच नव्हती. पडदे ओढून आत बसलो. बाहेर झाडांवर सिकाडांचा, म्हणजे कर्कश गाणाऱ्या किड्यांचा, एकच कल्लोळ. गॅलरीत बहिणीने काचेची छोटी घंटा टांगलीय. ही एडो-फूरिन याच वॉर्डात बनते. साचा न वापरता काच फुंकतात, रंग आतून देतात, आणि खालची कड घासून गुळगुळीत करत नाहीत. त्या खरबरीत कडेवर आत टांगलेली नळी घासली गेली की नाद उमटतो.

पाच वाजता रस्त्यावरच्या भोंग्यांतून बालगीताची धून वाजली. मुलांना घरी परतायची ती खूण, आणि आपत्तीच्या भोंग्यांची रोजची चाचणीही तीच.

सातनंतर अंधार पडला तेव्हा भाचा मला टॉर्च घेऊन बागेत घेऊन गेला. "मावशी, झाडाच्या बुंध्याशी बघ, गुडघ्याएवढ्या उंचीवर." मातकट, चिखल लागलेला सिकाडाचा एक किडा सालीवर चढत होता. काही वर्षं मुळांचा रस पिऊन जमिनीखाली काढल्यावर आज वर आलेला. एका जागी त्याने नख्या रोवल्या आणि थांबला. मग पाठीवर सरळ रेघेत फट पडली आणि आतून दुधाळ, हिरवट पांढरं अंग फुगून बाहेर येऊ लागलं. डोकं, मग पाय. तो मागे वाकून उलटा लोंबकळला, नुसत्या शेपटीच्या टोकावर, आणि तसाच बराच वेळ राहिला. मला वाटलं पडणार. भाचा कुजबुजला, "पाय सुकवतोय." खरंच, थोड्या वेळाने त्याने पोटातून उसळी मारली, स्वतःचंच रिकामं कवच पुढच्या पायांनी धरलं आणि शेपूट सोडवून घेतली. चुरगळलेल्या कागदासारखे पंख हळूहळू ताणले गेले. त्यांच्या शिरांत हिरवा रंग वाहत जाताना टॉर्चच्या उजेडात दिसत होता. उद्या सकाळी तो तपकिरी होऊन उडेल. आम्ही तासभर उकिडवे बसलो होतो. शेजारच्या दोन जपानी मुली आणि त्यांचे वडील केव्हा येऊन बसले ते कळलंही नाही. कोणी हात लावला नाही. डास मात्र सगळ्यांना सारखे चावले.

शनिवार

आज वस्तीच्या बागेत बोन-ओदोरी. मधे लाकडी मचाण, त्यावर मोठा ढोल, मचाणापासून चारी बाजूंना कंदिलांच्या माळा. कंदिलांवर वर्गणी देणाऱ्यांची नावं: केशकर्तनालय, दातांचा दवाखाना, टोफूवाला, आणि एका माळेत एक भारतीय किराणा दुकानही. बोन म्हणजे पितरांचे दिवस. पितर घरी येतात, त्यांच्यासाठी हा नाच. टोकियोत हे दिवस जुलैत, इतर बऱ्याच ठिकाणी ऑगस्टच्या मध्यावर. पितृपक्षात आपण मोठ्याने हसायलाही कचरतो, आणि इथे पितरांसाठी ढोल वाजतो. मला हे फार आवडलं. आमच्या बाबांनाही आवडलं असतं.

नाच अवघड नाही. मचाणाभोवती गोल, दोन पावलं पुढे, एक मागे, टाळी. नेणाऱ्या बायका आतल्या रिंगणात, नवशिके बाहेर. पुढच्या बाईचे हात बघून करायचं. मंगळवारच्या आजी आतल्या रिंगणात होत्या, गडद निळ्या सुती युकातात, म्हणजे उन्हाळी किमोनोत. कंबर तशीच वाकलेली, पण हात असे लवचीक की त्यांच्याकडेच बघत राहावं. मध्यंतरात त्यांच्याजवळ बसायला मिळालं आणि बहीण दुभाषी झाली. त्या इथल्याच. मुलगी होत्या तेव्हा घराच्या मागून समुद्र सुरू व्हायचा. हिवाळ्यात रात्री दोनला उठून नोरी, म्हणजे खायचं समुद्री शेवाळ, चिरायची, चौकटीत ओतायची, चटईवर एकेक पातळ थर पसरून उन्हात वाळवायचा. "पाण्यात हात इतके गारठायचे की सकाळी काड्या पकडता येत नसत." १९६२ मध्ये कासाईच्या कोळ्यांनी मासेमारीचे हक्क सोडले, मग समुद्रात भराव पडला. बहीण राहते ती इमारत उभी आहे तिथे त्यांनी होडीतून नोरी वाढवायचे बांबू रोवले होते.

"वाईट वाटतं का?" मी विचारायला लावलं.

त्यांनी बर्फाच्या गोळ्याचा चमचा तोंडात धरला, विचार केला आणि म्हणाल्या, "हात बरे झाले."

दुसऱ्या फेरीत यू. आर. इमारतींतल्या आपल्या बायका रिंगणात शिरल्या. टाळी त्यांना लगेच जमली. गरबा खेळलेले हात. एकीने पुढे जाऊन आजींच्या मागची जागा धरली.

रविवार

सकाळी सहाला बागेत गेलो ते मचाण उतरवायला. मंडळाचे दहा-बारा पुरुष, बहुतेक साठीच्या पुढचे. एकाने मला पांढरे सुती हातमोजे दिले, न विचारता, आणि कंदील घडी करायच्या रांगेत बसवलं. कंदील वरून दाबायचा नाही, तळाची तार धरून फिरवत मिटवायचा. मेव्हणा खांब वाहत होता. जमिनीवरच्या काड्या जळणाऱ्यात, बाटल्यांची झाकणं वेगळी, डबे वेगळे. साडेसहाला रेडिओ लागला तेव्हा सगळे होते तिथेच उभे राहून व्यायाम करून पुन्हा कामाला लागले.

काम संपल्यावर मंडळाच्या अध्यक्षांनी बार्लीचा चहा वाटला आणि एक कागद फिरवला. १ सप्टेंबरला, म्हणजे १९२३ च्या भूकंपाच्या दिवशी, वस्तीचा आपत्तीचा सराव असतो. भात शिजवणारे, पाण्याचा हातपंप चालवणारे, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना घरून आणणारे, असे गट. शेवटच्या गटात तीनच नावं होती, आणि तिघांपैकी एक स्वतः बहात्तर वर्षांचे. बहिणीने विचारलं, "आमच्या इमारतीचं मंडळ वेगळं आहे, चालेल का?" अध्यक्ष म्हणाले पाणी इमारत बघून चढत नाही. तिने काताकाना लिपीत नाव लिहिलं, खाली मेव्हण्याचं. मग पेन आजींकडे नेऊन विचारलं की तुम्हाला घेऊन यायला आम्ही आलो तर चालेल ना. आजींनी आपला पत्ता सांगितला, चोमे, ठोकळा, घर, आणि जिना अरुंद आहे तेव्हा पाठीवर घ्यावं लागेल हेही सांगितलं. बहिणीने तेही लिहून घेतलं.